पहिली गाडी हवी आहे: बजेट साडेतीन लाख, रोजचा रस्ता माशेल ते वेर्णा

अबोली_माशेल:
नमस्कार मंडळी. वय २३, लायसन्स नुकतंच हातात आलंय, नोकरी वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. सध्या स्कूटरने जाते. बाणस्तारी, जुने गोवे, बांबोळी, आगशी, जुवारी पूल, कुठ्ठाळी. एका बाजूचे साधारण पस्तीस किलोमीटर. उन्हाळा कसाही निघतो, पण पावसात पुलावर वारा सुटला की रेनकोटाचं शीड होतं आणि स्कूटर नेईल तिथे मी. शिवाय अधूनमधून सेकंड शिफ्ट असते, तेव्हा मी घरी पोचेपर्यंत आई झोपत नाही.

बजेट साडेतीन लाख, ताणून पावणेचार. यातले दोन माझे, उरलेले बाबांचे. घरात सध्या तीन पक्ष आहेत. बाबा म्हणतात नवीनच घे, दुसऱ्याची डोकेदुखी विकत नको. मामा म्हणतो, माझी २०१२ ची अल्टो पडून आहे, ती ने, ठोकलीस तरी कोणी विचारणार नाही. भावाचं एकच, स्विफ्ट. मला गाडीतलं कळतं ते एवढंच की क्लच डावीकडे असतो. गाडी राहणार अंगणात. गॅरेज नाही, शेड नाही, वर माड.

काय घेऊ?

सांखळीचा_सदू:
पहिलं काम: माडावर चढणारा पाडेली बोलावून नारळ उतरवून घे. गाडीचं नंतर बघू.

बोरीकाका:
सदू, चेष्टा पुरे. पण खरंच उतरवून घे गो बाय, झावळसुद्धा बॉनेटला पोचा पाडते.

आता हिशोब. सगळे गाडीची किंमत विचारतात, चालवण्याचा खर्च कोणी विचारत नाही. रोज सत्तर किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस धर, झाले १६८० किलोमीटर. छोटी पेट्रोल गाडी या रस्त्यावर लिटरला सतरा देईल. म्हणजे महिन्याला जवळपास शंभर लिटर. पेट्रोलचा दर बघून तूच गुणाकार कर, आकडा दहा हजारांना टेकतो. स्कूटरला याच्या निम्मंसुद्धा लागत नाही. तुझ्या पगारातून दर महिन्याला एवढे पेट्रोलला जाणार असतील तर साडेतीनची गाडी आणि पावणेचारची गाडी यात फारसा फरक उरत नाही. आधी ते मनाशी ठरव.

माझं विचारशील तर पाऊस आणि सेकंड शिफ्ट गाडीने, बाकी दिवस स्कूटर. किंवा त्याच बाजूचं कोणी सोबत बघ, पेट्रोल वाटून घ्या.

पणजीचा_पाहुणा:
मी म्हणतो गाडी कशाला? पणजीपर्यंत बस, पणजीहून मडगावच्या बसने वेर्णा. सत्तर किलोमीटर ड्रायव्हिंग करून थकण्यापेक्षा बसमध्ये झोप काढता येते.

अबोली_माशेल:
सकाळी चालेल हो. सेकंड शिफ्ट सुटल्यावर वेर्ण्याहून पणजी कशीबशी गाठली तरी पुढे माशेलला काय? रात्री आमच्याकडे बसची वाट बघणं म्हणजे नवस बोलण्यातला प्रकार.

काका, पेट्रोलचा हिशोब मी केलाच नव्हता. दहा हजार वाचून बाबा गप्प झालेत. ऑफिसमधली एक मैत्रीण जुने गोव्याला राहते, तिला विचारते. तरी गाडी घ्यायचीच आहे.

मडगावकरीण:
अगं, तुझी पोस्ट वाचून आमच्या घरातलं गेल्या वर्षीचं भांडण आठवलं. माझ्या लेकासाठी मी नवीन गाडीच्या बाजूने होते. कारण आता छोट्या गाड्या खरंच खाली आल्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा सेसही गेला. अल्टो के१०, वॅगनआर यांना मे २०२५ पासून सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटमध्ये. आईच्या मनाला ते बरं वाटतं.

फक्त जाहिरातीतला आकडा हा शोरूमचा असतो. त्यावर रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, विमा. नवीन गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. हजार सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, हजार ते दीड हजार सीसीला १०,६४०, आणि गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. शिवाय सर्वात स्वस्त व्हेरिएंटमध्ये एसी आहे की नाही ते नक्की बघ. गोव्यात एसी चैनीसाठी लागत नाही, पावसात काच धुरकट होते ती एसीशिवाय पुसली जात नाही. एका हाताने फडकं, एका हाताने स्टेअरिंग, असं नव्या ड्रायव्हरने करायचं नसतं. हे सगळं धरून तुझे पावणेचार पुरणार नाहीत असं मला वाटतं.

गॅरेज_गजाली:
माझं गॅरेज म्हापशाच्या बाजूला आहे. गाडीची कंपनी कुठली हे मी शेवटी विचारतो. गोव्यात जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न एकच: पत्रा कसा आहे? इंजिन दुरुस्त होतं, सस्पेन्शन बदलता येतं, गंजलेल्या पत्र्याला इलाज नाही. इथली हवा खारी, पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि लाल माती. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. लाल धुळीने ती बुजतात, पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग चकाचक असतो. म्हणून दार उघडायचं, खाली बसायचं आणि खालच्या कडेवरून अंगठा दाबत न्यायचा. रंग फुगलेला लागला, कुरकुर आवाज आला, तर तिथे आत काही शिल्लक नाही.

मग फ्रिजवरचं एक लोहचुंबक रुमालात गुंडाळून घेऊन जा. चाकांवरच्या कमानी, दारांच्या कडा, डिकीच्या खालचा भाग, सगळीकडे लावून बघ. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. एखाद्या ठिकाणी थोडी लांबी असली तर घाबरू नको, आपले रस्ते आणि आपले शेजारी बघता एक तरी ओरखडा प्रत्येक गाडीला असतोच. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे चुंबक चिकटत नाही म्हणून विकणाऱ्याशी भांडू नको.

पाण्यात गेलेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ. विकणारा धुतो ते वरचे दोन हात, आत गुंडाळलेल्या टोकाला चिखलाची रेघ तशीच राहते. पायाखालचं मॅट नव्हे, त्याच्या खालचं कार्पेट उचल. सीटच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज आहे का बघ. गाडीत अत्तराचा वास जास्त येत असेल तर तो कशासाठी मारलाय ते विचार.

टायरवर गोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, सहा वर्षांपुढचा रबर ओल्या रस्त्यावर भरवशाचा नाही. चार टायर पंधरा-अठरा हजारांना जातात, ते किमतीत धर.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच सांग, की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर का गरम करून ठेवली ते कळतंच. थंड इंजिनच खरं बोलतं.

आणि २०१९ चा जुलै लक्षात ठेव. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची शिटी, मागचे पार्किंग सेन्सर, वेगाची सूचना हे नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी सोय, त्याच्या थोडं आधी, एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना. शेजारच्या सीटची एअरबॅग मात्र सगळ्या मॉडेलना २०२१ च्या अखेरीपासून सक्तीची, तोवर ज्याने त्याने आपल्या मर्जीने दिली. त्यामुळे मामांची २०१२ ची अल्टो अंगणात गिरवायला घे, रोज हायवेला नको. शिवाय तिचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, म्हणजे २०२७ ला संपणार. मग फिटनेस, नूतनीकरण, सगळं तुझ्या गळ्यात.

सांखळीचा_सदू:
गॅरेजवाल्याला धंद्याचं सगळं सांगून टाकायची हौस आली की धागा मोठा होतो.

गॅरेज_गजाली:
सांगितलं नाही तरी लोक लांबीची गाडी घेऊन माझ्याच दारात येतात. मला दोन्हीकडून फायदा.

पेडण्याचो_पोर:
स्विफ्टच्या बाजूने कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. पार्ट गल्लोगल्ली मिळतात, विकताना किंमत येते, चालवायला मजा. भावाचं ऐक.

बोरीकाका:
मजा येते म्हणूनच नव्या ड्रायव्हरला नको. आगशी ओलांडली की पुलाचा रुंद रस्ता समोर येतो आणि पाय आपोआप खाली जातो. पोरांच्या हातची जुनी स्विफ्ट म्हणजे आधीच चार पोरांनी रेटलेली असते. चांगली मिळाली तर वाईट नाही, पण शोधावी लागते.

फुलपाखरू_फोंडा:
सुरक्षेच्या ताऱ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. गाड्या आपटून बघणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत टाटाच्या टियागोला पाचपैकी २०२० मध्ये ४ स्टार, दोन एअरबॅगवर. स्विफ्टला २०२२ मध्ये १, वॅगनआरला २०२३ मध्ये १, अल्टो के१० ला २०२३ मध्ये २.

प्रामाणिकपणे सांगायचं तर ही तुलना सरळ नाही. २०२२ च्या मध्यावर चाचणीचे नियम कडक झाले, त्यामुळे टियागोचे चार जुन्या मापाचे आणि वॅगनआरचा एक नव्या मापाचा. पण जुन्या मापानेही वॅगनआरला दोनच मिळाले होते. सत्तर किलोमीटर रोज हायवे असेल तर मी टियागो शोधेन. २०२० च्या सुरुवातीला आलेलं बीएस६ (धुराच्या नव्या नियमांचं) मॉडेल बघ, त्यात दोन एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटमध्ये आहेत. २०१६ ते २०१८ च्या खालच्या व्हेरिएंटमध्ये एकही नाही, तिथे फसू नको.

तोटे पण सांगते. तीन सिलिंडर असल्याने सिग्नलला उभी असताना स्टेअरिंग हलकं थरथरतं. मायलेज मारुतीपेक्षा थोडं कमी. जमिनीपासून उंची १७० मिलिमीटर, आमच्या फोंड्याच्या स्पीडब्रेकरना पुरते.

मडगावकरीण:
माझा लेक एएमटीच्या मागे होता, ऑटोमॅटिक सोपं म्हणून. शहरात सोपं आहेच. पण चढावर ब्रेक सोडला की काही एएमटी गाड्या मागे येतात, सगळ्यांत हिल-होल्ड नसतं. नव्या ड्रायव्हरला वाटतं ऑटोमॅटिक आहे, धरून ठेवेल. आल्तिनोच्या चढावर मागच्या गाडीवाल्याने आम्हाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बोरीकाका:
मॅन्युअलच घे. फर्मागुडीच्या चढावर हँडब्रेकवर गाडी धरून उचलायला शिक, आठवड्यात हात बसतो. मग दिवाडीला जाऊन फेरीबोटीच्या उतारावर एकदा चढव. ते जमलं की गोव्यात कुठेही जमतं.

दोडामार्गकर:
आमच्याकडे सिंधुदुर्गात एमएच-०७ पासिंगच्या गाड्या गोव्यापेक्षा स्वस्त मिळतात. बेळगावला केए-२२ त्याहून. बजेट कमी असेल तर इकडे बघायला काय हरकत आहे?

विमावाली:
हरकत नाही, पण कागदांचा हिशोब आधी करा. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर गोव्याचा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मग इथला रोड टॅक्स भरायचा आणि तिकडच्या उरलेल्या टॅक्सचा परतावा मागत बसायचं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ वेगळे. स्वस्त मिळालेले वीस-तीस हजार यातच संपतात, फेऱ्या वेगळ्या. अबोली, पहिल्याच गाडीला हे नको. जीए पासिंगचीच बघ.

मी विम्याचं काम करते म्हणून त्याबद्दल दोन गोष्टी. परदेशी व्हिडिओ बघून पोरं विचारतात, वय कमी म्हणून प्रीमियम जास्त पडेल का? आपल्याकडे तसं नसतं. इथे इंजिनचे सीसी, गाडीची धरलेली किंमत, गाडीचं वय आणि नोंदणीचं शहर यावर ठरतं. थर्ड पार्टी वर्षाला हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, हजार ते दीड हजारपर्यंत ३,४१६. वॅगनआरचं एक लिटरचं इंजिन पहिल्या गटात, टियागो ११९९ सीसी म्हणून दुसऱ्या. फरक तेराशे रुपयांचा, त्यासाठी गाडी बदलू नको.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गाडी तुझ्याच नावावर घे. बाबांच्या नावावर असली आणि तू चालवलीस तरी लायसन्स असल्यामुळे विमा लागू होतोच. पण पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात कवच मालक-चालकाचं असतं, म्हणजे ज्याच्या नावावर गाडी त्याचं. रोज चालवणार तू आणि कवच बाबांना, याला अर्थ नाही.

अबोली_माशेल:
विमावाली ताई, बाबांचं नाव घालायचं जवळजवळ ठरलं होतं! आजच बदललं.

आता अहवाल. शनिवारी भावाच्या हट्टापायी म्हापशाकडे एका सेकंडहँडवाल्याकडे स्विफ्ट बघितली. २०१७ ची, पांढरी, लांबून नवी. माणूस म्हणाला, डॉक्टरांची गाडी आहे, एकहाती, फक्त हॉस्पिटल ते घर. मी रुमालातलं चुंबक काढलं तेव्हा तो हसला. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर ते चिकटलंच नाही. खाली घसरत गेलं. उजव्या बाजूला टक्कन चिकटलं. मग कार्पेट उचललं तर खाली लाल गाळाचा थर, वाळून पापुद्रे सुटलेला. सीटबेल्ट ओढायला घेतला तर तो हसायचा थांबला. आरसी मागितली, त्यावर मालकाचा क्रमांक तीन. भाऊ परतताना गप्प होता. घरी येऊन त्याने स्विफ्टचं वॉलपेपर काढलं.

सांखळीचा_सदू:
गोव्यात एवढे डॉक्टर नाहीत जेवढ्या डॉक्टरांच्या गाड्या विकायला आहेत.

गॅरेज_गजाली:
बरं केलंस. अजून एक. किनारपट्टीच्या बाजूला बघत असशील तर रेंटवर चाललेल्या गाड्यांपासून जप. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी पुढे खासगी करून पांढऱ्या पाटीवर विकतात. ते कायदेशीर आहे, त्यात चूक काही नाही, पण रोज वेगळ्या पर्यटकाने फर्स्ट गियरमध्ये बोंबलत चालवलेला क्लच तुला मिळतो. आरसीच्या इतिहासात दिसतं. परिवहनच्या ॲपवर नंबर घातला की विमा, फिटनेस, कर्जाची नोंद आणि थकलेले चलन कळतात, तेही बघून घे. आणि पांढऱ्या पाटीवरच चोरून भाड्याने दिलेल्याही असतात. त्या कागदावर दिसत नाहीत. सीटवर वाळू दिसते.

पेडण्याचो_पोर:
पर्यटकांना शिव्या घालायला वेगळा धागा आहे.

गॅरेज_गजाली:
शिव्या कुठे घातल्या? क्लचप्लेट बदलून माझं घर चालतं.

अबोली_माशेल:
फोंड्याची एक टियागो सापडलीय. २०२० ची, बीएस६, मॅन्युअल, जीए-०५, खरंच एक मालक. बाबांच्या ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ. मागतात तीन ऐंशी. सर्व्हिसची सगळी बिलं फाइलमध्ये, तारखेनुसार, पंच करून लावलेली. किलोमीटर बिलांशी जुळतात. सकाळी गेले, बॉनेट थंड. चुंबक सगळीकडे चिकटलं, फक्त पुढच्या डाव्या दाराच्या खाली टिचकीएवढी जागा सोडून. त्यांनी आपणहून सांगितलं की गेटला घासली होती. टायर मात्र चारही २०२० च्या सुरुवातीचे, म्हणजे गाडीबरोबर आलेलेच. स्टेअरिंग थरथरतं, फुलपाखरू ताईंनी लिहिलं होतं तसंच, त्यामुळे घाबरले नाही. भावाने ट्रायल मारली आणि एवढंच म्हणाला, 'बरी आहे.' त्याच्याकडून हे पुष्कळ झालं.

प्रश्न: तीन ऐंशी जास्त आहेत का? आणि ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या, पेट्रोलचं काय?

फुलपाखरू_फोंडा:
पत्रा असा असेल तर सोडू नकोस. टायरचे पैसे कापून माग. तीन साठवर ये.

बोरीकाका:
भाव करताना चुका काढत बसू नको, त्या गृहस्थांना वाईट वाटेल. सरळ सांग, 'काका, गाडी मला आवडलीय, टायर मलाच घालावे लागणार, तेवढं बघा.' बिलं पंच करून ठेवणारा माणूस वाजवी बोललं तर ऐकतो.

गॅरेज_गजाली:
ई२० चं थोडक्यात. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग त्यासाठी ठरवूनच केलेत, तुझी त्याच्या आधीची. गाडी चालेल, मायलेज किंचित घटेल. सर्व्हिसला आलीस की इंधनाचे रबरी पाइप आणि सील बघायला सांग, कडक झाले असतील तर बदलून टाक. मोठा खर्च नाही. गाडी दोन-तीन महिने उभी ठेवणार असशील तर टाकी भरून ठेवू नको, पण तुझं तसं होणार नाही.

पावसाआधी गाडीखाली अँटी-रस्ट मारून घे. आधी तळ धुऊन पूर्ण वाळवायला सांग. ओल्यावर मारलं तर गंज आत कोंडला जातो. ते काम मे महिन्यात कर, जूनमध्ये माझ्यासकट सगळ्या गॅरेजवाल्यांकडे रांग असते. आणि दाराखालची ती भोकं काडीने तूच मोकळी कर, त्याला मेस्त्री लागत नाही.

अबोली_माशेल:
झालं! तीन बासष्ट. बोरीकाकांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. ते गृहस्थ म्हणाले, 'टायर घालायचेच असतील तर आधी घाल, मग पुलावर ने', आणि किंमत उतरवली. वर शहाळं पाजलं. टायर मी त्याच संध्याकाळी घातले.

आता कागद. काय काय लागतं? कोणी क्रमाने सांगेल का?

विमावाली:
अभिनंदन गो! फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी. मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे. विकणाऱ्याने एकाच राज्यात १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं, तू ३० दिवसांत नावावर करून घ्यायची. कर्ज नव्हतं ना? मग फॉर्म ३५ नको.

विमा १४ दिवसांच्या आत तुझ्या नावावर कर. हे लोक विसरतात, आणि गाडी घासली की मग मला रात्री अकराला फोन. थर्ड पार्टी आपोआप तुझ्याकडे येते, पण तुझ्या गाडीच्या नुकसानीचा दावा करायचा तर पॉलिसीवर तुझं नाव हवं. त्या काकांचा नो क्लेम बोनस त्यांच्याकडेच राहील, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे बदलताना थोडा फरक भरावा लागेल. तुझा बोनस शून्यापासून सुरू, वर्षभर दावा केला नाहीस तर पुढे २० टक्के.

झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा विमा, साधारण पाच वर्षांपर्यंतच्या गाड्यांना मिळतो, तुझी पुढे गेली. पण इंजिन प्रोटेक्ट मिळतं का विचार. पावसात पाण्यात गाडी बंद पडली आणि पुन्हा स्टार्टर मारला, तर पाणी इंजिनात जाऊन आतला रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही. पाण्यात बंद पडली तर चावी काढायची, उतरायचं, ढकलायची. पुन्हा स्टार्ट करून बघायची नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

मडगावकरीण:
आणि पहिला महिना रात्रीची एकटी नेऊ नको. काकांना, बाबांना, कोणालाही शेजारी बसव. समोरून हायबीम मारत येणारे आणि मध्येच बसलेली गुरं, हे दोन विषय ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत. काळी म्हैस तर दिसतच नाही, तिचे डोळे दिसतात.

अबोली_माशेल:
सेकंड शिफ्टला पहिले काही आठवडे बाबा येणार आहेत सोबत. येताना त्यांनाच झोप लागते हा वेगळा प्रश्न. जुने गोव्याची मैत्रीण पेट्रोलमध्ये निम्मे द्यायला तयार झालीय. नारळ उतरवले, सदूदादा. मामाची अल्टो अंगणात रिव्हर्स गिरवायला आणलीय, तुळशीवृंदावनापासून चार हात लांब.

सगळ्यांना देव बरें करूं.

सांखळीचा_सदू:
पावसात उंदरांचं बघ. बॉनेटखाली ऊब मिळते, वायरी खातात. रात्री गाडी ठेवलीस की सकाळी एकदा बॉनेट उघडून नजर टाकायची. हे मी चेष्टेत नाही सांगत, माझी एकदा निम्मी वायरिंग गेली होती.

गॅरेज_गजाली:
सदू पहिल्यांदा कामाचं बोलला. तंबाखूची पानं ठेवणारे आहेत, स्प्रे मारणारे आहेत. मी बघितलंय त्यात सगळ्यात उपयोगी म्हणजे अंगणात कोंबड्यांचे दाणे आणि कचरा गाडीजवळ न ठेवणं.

दोडामार्गकर:
छान चर्चा. माझाही प्रश्न आहे. बजेट साडेपाच, घरात आजी, तिला चढता-उतरता येईल अशी उंच गाडी हवी, आणि चोर्ला घाटातून महिन्यातून दोनदा बेळगाव. काय बघू?

व्यवस्थापक:
दोडामार्गकर, नवीन धागा काढा, शीर्षकात 'आजी' आणि 'घाट' दोन्ही लिहा. फुलपाखरू_फोंडा यांना वॅगनआरबद्दल बोलायचंच आहे असं दिसतंय.